रडीचा डाव आणि शिक्षेचें माप

हिंगोलीहून वाशिमकडे जाणाऱ्या रस्त्यावर कनेरगांव नाका म्हणून जें गांव लागतें, तेथें मराठवाडा संपत येतो आणि पुढें थोड्याच अंतरावर वऱ्हाड प्रांत सुरू होतो. २०२५ च्या फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यांत वाशिमच्या गाडीची वाट पाहत आम्हांस तेथें दीड तास काढावा लागला. एरवीं या दिवसांत अशा ठिकाणीं हरभऱ्याचें पीक आणि हळदीचा भाव यांपलीकडे गोष्ट जात नाहीं. परंतु त्या दिवशीं चहाच्या दुकानांत न्यायसभा भरली होती. आरोपी दोन होते, फिर्यादीहि दोन होते. आणि विशेष हें कीं, जे आरोपी तेच फिर्यादी होते.

अहिल्यानगर येथें २ फेब्रुवारी रोजीं महाराष्ट्र केसरीच्या अखेरच्या दिवशीं जें घडलें तें वाचकांच्या स्मरणांत असेलच. नांदेडतर्फे उतरलेला शिवराज राक्षे याची पृथ्वीराज मोहोळ याच्याशीं कुस्ती झाली आणि पंचांनीं राक्षे चीत झाल्याचा निर्णय दिला. आपले दोन्ही खांदे टेकलेच नाहींत, चित्रफीत पाहा, असें राक्षे म्हणत राहिला. त्याचें म्हणणें मानलें गेलें नाहीं, आणि त्यानें पंचास लाथ मारली. पुढें अंतिम कुस्तींत महेंद्र गायकवाड हा मोहोळाशीं लढत असतां, कांहीं सेकंदच उरले असतां, गुणाच्या निर्णयावरून संतापून आखाड्याबाहेर निघून गेला. गदा मोहोळास मिळाली. राक्षे व गायकवाड या दोघांस कुस्तीगीर संघानें तीन तीन वर्षें बंदी घातली.

नांदेड कनेरगांवापासून फार दूर नाहीं, त्यामुळें दुकानांत राक्ष्याचा पक्ष प्रबळ होता. परंतु बांकावर बसलेले एक वृद्ध गृहस्थ, ज्यांस सर्वजण अण्णा म्हणत होते, ते कांहीं केल्या वळत नव्हते.

"पंचावर पाय उचलला, तिथंच संपलं. बापावर हात उगारल्यावाणी हाय ते."

"पण अण्णा, पाठ लागलीच नसंल तर?"

"नसंल लागली. तरी बी."

त्यावर कोपऱ्यांत उभा असलेला एक पंधरासोळा वर्षांचा मुलगा, ज्याच्या अंगांत अर्जेंटिनाच्या फुटबॉल संघाचा निळापांढरा पट्ट्यांचा सदरा होता, एकदम म्हणाला, "मॅराडोनानं तर हातानं गोल केला होता. त्याला किती वर्षं बंदी घातली?"

अण्णांनीं मॅराडोनाचें नांव ऐकलें नसावें. इतरांपैकीं कोणीं उत्तर दिलें नाहीं. इतक्यांत गाडी आली; आणि मुलाचा प्रश्न व अण्णांचें "तरी बी" हीं दोन्हीं आमच्याबरोबर वाशिमपर्यंत आलीं.

आमच्या मतें त्या मुलानें विचारलें तेंच विचारावयास हवें होतें. खेळांतील अप्रामाणिकपणाविषयीं जी चर्चा चालते, मग ती पेठेंतील कट्ट्यावर असो कीं वृत्तपत्रांच्या स्तंभांत, तिच्यांत दोन निराळे अपराध नेहमीं एकत्र कालविले जातात. याला आपली भाषाहि थोडी कारण आहे. मराठींत यास "रडी" असा एक फार गोड शब्द आहे. विटी झेलली गेली असतां झेलली गेलीच नाहीं म्हणून सांगणारा मुलगा रडी खेळतो. आणि बाद ठरल्यावर दांडू फेंकून घरीं निघून जाणारा मुलगा, तोहि रडीच खेळतो. वास्तविक पहिला पंचास फसवितो आणि दुसरा पंचास जुमानीत नाहीं. पहिल्यानें खेळाचा निकाल चोरला. दुसऱ्यानें काय चोरलें हें सांगणें कठीण आहे, बहुधा त्यानें स्वतःचेंच नुकसान करून घेतलें. अंगणांतल्या खेळांत दोघांस एकच शब्द पुरतो. पण जेथें लाखों रुपयांचे करार आणि माणसाच्या उमेदीचीं वर्षें पणास लागलेलीं असतात, तेथें हे दोन अपराध वेगळे करून पाहिले पाहिजेत. आणि तसे ते पाहिले म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट दिसते. क्रीडासंस्था फसविणाऱ्यास थोडक्यांत सोडतात आणि न जुमानणाऱ्यास कठोर शासन करतात.

मॅराडोनाचेंच उदाहरण प्रथम घेऊं. २२ जून १९८६ रोजीं मेक्सिको शहरांत इंग्लंडविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यांत त्यानें डाव्या हातानें चेंडू जाळ्यांत लोटला. ट्यूनिशियाचे पंच अली बिन नासर यांस तो हात दिसला नाहीं. अर्जेंटिनानें सामना २-१ असा जिंकला व पुढें विश्वचषकहि जिंकला. शिक्षा? कांहीं नाहीं. उलट "देवाचा हात" हें नांव त्या कृत्यास मिळालें आणि अपराधाची कविता झाली. त्या दिवशीं मॅराडोनानें घातलेला सदरा मे २०२२ मध्यें लिलांवांत ७१ लक्ष पौंडांस विकला गेला. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत तो चेंडूहि विकला गेला, २० लक्ष पौंडांस. आणि विकणारे गृहस्थ कोण, तर ज्यांच्या डोळ्यांत त्या दिवशीं धूळ फेंकली गेली तेच पंच! फसविणारा व फसलेला या दोघांच्याहि वस्तूंस एकाच फसवणुकीमुळें अशी किंमत यावी, असा योग कादंबरींत घातला असता तर आम्ही लेखकास दोष दिला असता.

येथें कोणी म्हणेल कीं, पंचानें पाहिलें नाहीं तर शिक्षा कशी होणार? २०१८ पासून विश्वचषकांत पंचांस चित्रफितीचें साह्य मिळूं लागलें आहे आणि आज तो गोल टिकता ना, हें खरें. परंतु पंचानें सर्व कांहीं पाहिलें, नियमाप्रमाणें सर्व शिक्षा दिली, आणि तरीहि अन्याय जसाच्या तसा राहिला, असेंहि घडलें आहे. आणि तें उदाहरण अधिक विचार करण्यासारखें आहे.

२ जुलै २०१०. जोहान्सबर्ग येथें घाना व उरुग्वे यांचा उपांत्यपूर्व सामना १-१ असा बरोबरींत असून जादा वेळाचाहि अगदीं शेवटचा क्षण आला होता. घानाच्या खेळाडूनें डोक्यानें मारलेला चेंडू गोलाच्या रेषेवरून आंत जात असतां उरुग्वेच्या लुईस सुआरेझनें तो दोन्ही हातांनीं अडविला. त्यांत लपविण्यासारखें कांहींच नव्हतें. पंचानें त्यास लाल पत्र दाखवून बाहेर काढलें आणि घानाला पेनल्टी दिली. असामोआ ग्यानचा फटका आडव्या दांड्यास लागून वर गेला. नंतरच्या पेनल्ट्यांत उरुग्वे ४-२ असा जिंकला. आफ्रिका खंडांतील कोणताहि संघ तोंवर विश्वचषकाच्या उपांत्य फेरींत पोंचला नव्हता. त्यानंतरहि बारा वर्षें, म्हणजे २०२२ सालीं मोरोक्को पोंचेपर्यंत, कोणी पोंचला नाहीं. सुआरेझला एका सामन्याची बंदी झाली.

या प्रसंगावर जगभरच्या प्रेक्षकांत जो वाद झाला तो आम्ही पुष्कळ वाचला आहे, आणि त्यांतील दोन्ही पक्षांचें म्हणणें आम्हांस अपुरें वाटतें. एक पक्ष म्हणतो, ही उघड चोरी. दुसरा म्हणतो, चोरी कसली? त्यानें नियम मोडला, नियमांत सांगितलेली किंमत रोख मोजली, व्यवहार पुरा झाला. पेनल्टी हुकली तो दोष ग्यानचा. स्वतः सुआरेझनेंहि २०२२ सालीं, घानाशीं पुन्हा गांठ पडण्याच्या आदल्या दिवशीं, अशाच आशयाचें बोलून क्षमा मागण्याचें नाकारलें. "किंमत मोजली" हा युक्तिवाद वरवर चोख दिसतो. परंतु किंमत ही विकणाऱ्यानें ठरवावयाची असते, घेणाऱ्यानें नव्हे. घानाला कोणी विचारलें होतें कीं, जाळ्यांत शिरत असलेल्या गोलाच्या बदल्यांत तुम्ही एक गोलाची आशा घेतां काय? हातांतली वस्तु काढून घेऊन तिच्या जागीं सोडतीचें तिकीट ठेवावें आणि तिकिटावर नंबर लागला नाहीं तर नशिबास बोल लावावा, असा हा न्याय आहे. नियम पाळले गेले, हें म्हणणें खरें आहे. आणि म्हणूनच दोष खेळाडूपेक्षां नियमाचा अधिक आहे, असें आम्ही म्हणतों.

आतां याच सुआरेझनें २०१४ च्या विश्वचषकांत इटलीच्या किएलिनी नांवाच्या खेळाडूच्या खांद्यास चावा घेतला. त्या चाव्यानें सामन्याच्या निकालांत गुंजभरहि फरक पडला असें म्हणतां येत नाहीं. शिक्षा मात्र नऊ आंतरराष्ट्रीय सामने व चार महिने सर्व फुटबॉलबंदी, आणि वर एक लक्ष स्विस फ्रँक दंड. चावणें हें किळसवाणें कृत्य आहे, आणि शिक्षा जास्त झाली असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. परंतु एका राष्ट्राचा इतिहास हातानें अडविला त्यास एक सामना, आणि खांद्यावर दांत उमटविले त्यास चार महिने, हीं दोन मापें एकाच दुकानांतील आहेत काय?

फ्रान्सची गोष्ट याहून बोलकी आहे. १८ नोव्हेंबर २००९ रोजीं पॅरिसजवळ आयर्लंडविरुद्धच्या पात्रतासामन्यांत थिएरी हेन्रीनें चेंडू हातानें थोपवून पुढें दिला, त्यावर गोल झाला आणि फ्रान्स विश्वचषकास पात्र ठरला. हेन्रीनें सामन्यानंतर हात लागल्याचें कबूल केलें. जागतिक संघटनेनें पुढील जानेवारींत जाहीर केलें कीं, त्यास शिक्षा करण्यास नियमांत आधार नाहीं. आयर्लंडला काय मिळालें तें २०१५ मध्यें उघडकीस आलें: त्यांनीं दावा पुढें चालवूं नये म्हणून पन्नास लक्ष युरो गुपचुप देण्यांत आले होते! भरपाई देणें हें चांगलेंच. पण जी भरपाई लपवून द्यावी लागते तिला आपल्याकडे निराळें नांव आहे. असो. मौजेचा भाग पुढेंच आहे. हाताच्या आधारानें दक्षिण आफ्रिकेस पोंचलेल्या त्या फ्रेंच संघांत प्रशिक्षकाविरुद्ध बंड झालें, आणि खेळाडूंनीं एके दिवशीं सरावास नकार दिला. त्याबद्दल फ्रेंच संघटनेनें प्रशिक्षकास शिवीगाळ केल्याचा आरोप असलेल्या अनेल्कास अठरा सामन्यांची, कर्णधार एव्हरास पांच सामन्यांची बंदी घातली. हातास शून्य, हट्टास अठरा!

आपल्या देशांतहि तोच हिशेब आहे. ९ डिसेंबर २०१२ रोजीं कलकत्त्यास ईस्ट बंगालविरुद्धच्या सामन्यांत, प्रेक्षकांतून आलेल्या दगडानें आपला खेळाडू जखमी झाल्यावर, मोहन बागानचा संघ उत्तरार्ध खेळावयास उतरला नाहीं. दोन वर्षांची बंदी झाली. पुढें ती उठवून दोन कोटि रुपये दंड झाला. ३ मार्च २०२३ रोजीं बंगळूर येथें सुनील छेत्रीनें केरळचे खेळाडू भिंत रचीत असतांनाच फ्री-किक मारून गोल केला. पंचांनीं तो धरला, आणि केरळ ब्लास्टर्सच्या प्रशिक्षकानें आपला संघ मैदानाबाहेर नेला. संघास चार कोटि रुपये दंड, प्रशिक्षकास दहा सामन्यांची बंदी. केरळच्या चाहत्यांनीं छेत्रीस लबाड म्हटलें. आमच्या मतें ती लबाडी नव्हती, चपळाई होती. नियमांत अशी किक चटकन मारण्यास मुभा आहे. परंतु पंच चुकला असता तरी दंड तेवढाच झाला असता, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

म्हणजे अण्णांचें "तरी बी" हेंच सर्व संघटनांचें ब्रीद आहे, आणि तें टाकाऊ नाहीं. बाजारांत खोटें नाणें चालविणारा मनुष्य लबाड खरा, पण तो बाजार मानतो; नाण्याला किंमत आहे म्हणूनच तो खोटें पाडतो. जो दुकानें उलथून देतो तो बाजारच मानीत नाहीं. पंचाचा शब्द अखेरचा नसेल तर खेळ उरतच नाहीं, नुसती झोंबाझोंबी उरते. शिवाय आमच्या यात्रांतील फडांवर ज्यांनीं हलगीच्या नादांत दोन गांवांचा जमाव आंत घुसतांना पाहिला असेल, त्यांस पंचाच्या अंगावर पाय जाण्याचा अर्थ निराळा सांगावयास नको. इटलींत २००६ सालीं जेव्हां पंचांच्या नेमणुकांतच हात घातल्याचें उघडकीस आलें, तेव्हां युव्हेंटससारख्या बलाढ्य संघाचें विजेतेपद काढून घेऊन त्यास खालच्या श्रेणींत ढकलण्यांत आलें, व तेथेंहि त्याचे अखेर नऊ गुण वजा करण्यांत आले. फसवणुकीस कठोर शिक्षा झाल्याचें हें दुर्मिळ उदाहरण. पण तेथेंहि घाव पंचांच्या संस्थेवर होता, हें विसरून चालणार नाहीं.

तरी पण खोटीं नाणीं फार झालीं म्हणजे बाजार कोणीं न उलथतांहि उठतो, एवढें अण्णांस विचारावयाचें राहून गेलें.

चाहत्यांविषयीं दोन शब्द. प्रेक्षकांनीं निःपक्षपाती असावें असें आम्ही म्हणत नाहीं; निःपक्षपाती मनुष्य रात्रीं दोन वाजतां उठून सामना पाहत नाहीं. परंतु आपल्या खेळाडूची ती हुशारी आणि दुसऱ्याची ती लबाडी, ही भाषा इतकी अंगवळणी पडली आहे कीं, त्यांतील विनोद कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. मुलांच्या खेळांत एकादें लहान पोर लिंबूटिंबू म्हणून घेतात. तें बाद होत नाहीं, त्याच्यावर राज्य येत नाहीं. मोठमोठ्या खेळाडूंस त्यांच्या भक्तांनीं असेंच लिंबूटिंबू करून ठेवलें आहे. याला एक अपवाद आम्हांस आठवतो. मार्च २०१८ मध्यें केप टाउन येथें ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेटपटूंनीं चेंडूस खरकागद घांसला. जागतिक मंडळानें कर्णधार स्मिथ यास एक सामना बंदी देऊन प्रकरण मिटविलें होतें. परंतु ऑस्ट्रेलियांतील लोकांसच लाज वाटली, आणि त्यांच्या मंडळानें स्मिथ व वॉर्नर यांस एक एक वर्ष, बॅनक्रॉफ्टला नऊ महिने घरीं बसविलें. स्वतःच्या संघावर चाहते असे उलटल्याचें दुसरें ठळक उदाहरण आम्हांस चटकन सुचत नाहीं.

शिक्षा किती, हा प्रश्न सर्व जण विचारतात. शिक्षा कोणासाठीं, हा कोणी विचारीत नाहीं. सुआरेझ एक सामना बसला काय आणि दहा बसला काय, घानाला त्यांत काय मिळणार होतें? त्यापेक्षां शहाणे नियम इतर खेळांत आहेत. बास्केटबॉलमध्यें टोपलीकडे उतरणारा चेंडू अडविला तर टोपली झालीच असें धरतात. रग्बींत दांडगाईनें ट्राय हुकविली तर पंच ती ट्राय देऊन टाकतो. हल्लीं त्याचे सात गुण थेट मिळतात. फुटबॉलचे नियम करणारे मात्र पत्र लाल असावें कीं पिवळें याचाच कीस काढीत आहेत. २०२४ मध्यें त्यांनीं, हात जाणूनबुजून लागला नसेल व पेनल्टी दिली असेल तर पिवळें पत्र पुरे, असें ठरविलें. गोल देऊन टाकावा हें मात्र त्यांस अजून सुचलेलें नाहीं. आमच्या गल्लीतील मुलांस तें केव्हांच सुचलें आहे. वाद मिटेना म्हणजे तीं "डाव पुन्हा" म्हणतात, आणि रडी उघड झाली तर राज्य ज्याचें त्याच्यावर परत जातें. कोणी कोणास तीन वर्षें खेळांतून काढीत नाहीं.

या दृष्टीनें अहिल्यानगरच्या प्रकरणाकडे पाहिलें म्हणजे तेथें दोन खातीं एका वहींत लिहिलीं गेलीं असें दिसतें. राक्ष्याच्या लाथेचें खातें वेगळें, आणि त्याच्या खांद्यांचें खातें वेगळें. लाथेची शिक्षा व्हावयासच हवी होती. त्यांत आम्ही अण्णांच्या बाजूचे आहों. पण ज्यानें पंचावर पाय उचलला आणि जो उठून गेला, या दोघांस सारखींच तीन वर्षें, हें माप कोणतें? पैलवानाचीं तीन वर्षें म्हणजे कांहीं थोडीं नव्हेत. दूध, तूप, बदाम यांचा खुराक महिन्याच्या महिन्यास चालूच राहतो, घरचें शेत त्यांत आटतें, आणि कुस्तीचें वय पुन्हा येत नाहीं. खांद्यांचें खातें मागाहून उघडलें. त्या निर्णयाची समितीमार्फत चौकशी झाली, आणि पंचावरहि निलंबनाची कारवाई झाल्याचें प्रसिद्ध झालें. म्हणजे लाथ मारणारा बाहेर, निघून जाणारा बाहेर, निर्णय देणाराहि बाहेर. सर्वांस शिक्षा मिळाली, आणि कुस्ती तेवढी पुन्हा लागली नाहीं.

त्या दीड तासांत कनेरगांवच्या दुकानांत एका नांवाची वास्तपुस्त कोणीं केली नाहीं, आणि प्रामाणिकपणें सांगावयाचें तर आम्हांसहि तें गाडी सुटल्यावरच सुचलें. पृथ्वीराज मोहोळानें कोणास फसविलें नाहीं, कोणावर पाय उचलला नाहीं, आखाडा सोडला नाहीं. पंचानें जिंकला म्हटलें, तो जिंकला. चांदीची गदा त्याच्या खांद्यावर आहे, आणि ज्या दोन कुस्त्या जिंकून ती मिळाली त्या दोहोंविषयीं गांवोगांवच्या बांकांवर लोक अजून भांडत आहेत. डाव पुन्हा मांडला असता तर तो कदाचित् पुन्हा जिंकला असता. तशी संधि त्यालाहि कोणीं दिली नाहीं.